काचवाल्याची सकाळ

संग्रहालयात एकशे अठ्ठेचाळीस काचपेट्या होत्या आणि गेली एकतीस वर्षं त्या एकच माणूस पुसत होता. पगारपत्रकावर त्याचं रीतसर नाव होतं, पण ते हिशेबनीस सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना काचवाले म्हणत. तेही फोन उचलल्यावर ‘काचवाले बोलतोय’ असंच म्हणत, मग पलीकडे कुणी का असेना.

त्यांचं काम सकाळी पावणेआठला सुरू व्हायचं आणि दहाला दारं उघडायच्या आत संपायचं. म्हणजे ज्यांच्यासाठी ते काचा पुसत, ती माणसं त्यांना कधी दिसायचीच नाहीत. दिसायचे ते आदल्या दिवशीचे डाग. पण एकतीस वर्षं डाग पाहिलेल्या माणसाला माणसं पाहायची गरज पडत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. लहान मुलाच्या जुन्या बुटाच्या पेटीवर गुडघ्याच्या उंचीला नाकांचे ठसे असत. नाण्यांच्या पेटीवर पुरुषांची कपाळं टेकलेली असत. तलवारीवर अख्खे पंजे, जसं काही काच फोडून आत्ताच लढाईला निघायचंय. हस्तिदंती फणीच्या पेटीवर मात्र डागच नसे, कारण तिथे माणसं काचेत स्वतःचे केस नीट करून निघून जात. आणि शेवटच्या दालनातल्या खापरांच्या तुकड्यांकडे कुणी फिरकत नसे. ती काच काचवाले रोज दोनदा पुसत. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

लग्न झालं नव्हतं. म्हणजे ठरवून केलं नव्हतं अशातला भाग नाही. आई आजारी, मग आई फार आजारी, मग आई गेली, आणि तोवर विचारणारे थकले होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. तिथल्या खिडक्यांच्या काचा इतक्या धुरकट, की बाहेर ऊन आहे की ढग ते दार उघडून पाहावं लागे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बोलण्याचं माणूस म्हणाल तर एक होतं. तिकीटखिडकीवरच्या बाई. बावीस वर्षं काचवाल्यांनी दिवसाची पहिली काच पुसली ती त्यांच्या खिडकीची. हे बाहेरून पुसत, त्या आतून सुटे पैसे लावत आणि मधल्या भोकातून बोलत. बोलणं म्हणजे काय, तर आज ढग आहेत, तुमचा खोकला कसा आहे, हिशेबनीस किती कंजूष आहे. दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या आणि बसने पाच तासांवर असलेल्या बहिणीकडे राहायला गेल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा फोन येई. चार मिनिटं, कधी पाच. काचवाले शनिवारपासूनच काय काय सांगायचं ते मनाशी जुळवून ठेवत आणि फोन आला की निम्मं विसरत.

तर झालं असं की पूर्वेकडच्या दालनाचं छप्पर गळायला लागलं. पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खाली घमेली ठेवायची वेळ आली. वर अर्ज केले, वरून कळवू म्हणून कळवलं. शेवटी नव्या क्युरेटर बाईंनी पदर खोचला आणि मदतीसाठी ऑनलाइन लिलाव मांडला. वय तिशीच्या आतलं, पण बाई खमकी होती. गावातल्या लोकांकडून काही ना काही मागून आणलं: चित्रकाराचं चित्र, दातांच्या डॉक्टरांची फुकट तपासणी, एका आचाऱ्याचं आठ जणांसाठी जेवण. सगळं वेबसाइटवर फोटोसकट. बारा दिवस कुणीही घरबसल्या बोली लावायची, आणि शेवटच्या शनिवारी पाच वाजता दुकान बंद. नोकरवर्गालाही तिने सोडलं नाही. पहारेकऱ्याने स्वतः केलेलं लाकडी स्टूल दिलं, माळ्याने गुलाबाची कलमं दिली, आणि कंजूष हिशेबनिसाने चक्क लहानपणी जमवलेली पोस्टाची तिकिटं दिली.

“काका, तुम्ही काय देणार?” क्युरेटरने काचवाल्यांना गाठून विचारलं.

“मी? माझ्याकडे एक फडकं आणि एक बादली. त्यातली बादली तुमची.”

“तुम्ही मला त्या दिवशी नाकांचं सांगितलं होतं ना? बुटाच्या पेटीवरच्या? ते द्या.”

“नाकं देऊ?”

ती हसली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर तेविसाव्या नंबरला काचवाल्यांचा फोटो होता, हातात फडकं धरलेला, चेहरा पोलिसांनी बोलावल्यासारखा. खाली लिहिलं होतं: ‘काचवाल्यांबरोबर एक सकाळ. दारं उघडण्याआधी, पावणेआठ ते दहा. एका व्यक्तीसाठी. बोली दोनशेपासून.’

काचवाले आधी रागावले. मग घरी जाऊन त्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला. मग बशीत खिचडी तशीच ठेवून विचार करत बसले, की समजा आलं कुणी, तर सुरुवात कुठून करायची. बुटापासून केली तर शेवटाला काय राहील? तलवार आधी दाखवून टाकावी, म्हणजे ती बघायची हाव संपेल. खापरांकडे अगदी शेवटी न्यावं, आणि तिथे जरा बसावं. एकतीस वर्षांत त्यांनी संग्रहालयात कुणालाच काही दाखवलं नव्हतं. आता एकदा तरी दाखवायला मिळावं, असं त्यांना फार, म्हणजे अगदी पोटातून वाटायला लागलं.

पण बोली येईना.

पहारेकरी रोज चहाच्या वेळी फोनवर वेबसाइट उघडून मोठ्याने वाचायचा. माणूस मनाने वाईट नव्हता, फक्त त्याचा आवाज मोठा होता. “माझं स्टूल, सहा बोल्या! गुलाब, नऊ! दातांचा डॉक्टर, चौदा! लोकांचे दात किती किडलेत बघा. काचवाले…” इथे तो खाली सरकवत जायचा. “काचवाले, अजून शून्य.” हिशेबनिसाच्या तिकिटांनाही दोन बोल्या होत्या. दहाव्या दिवशी पहारेकऱ्याने काचवाल्यांचा आकडा वाचलाच नाही, सरळ पुढे गेला. ते मात्र जिव्हारी लागलं.

त्या संध्याकाळी काचवाल्यांनी घरी फोन काढून तेविसावा नंबर उघडला. ‘अजून बोली नाही. पहिली बोली तुमची असू द्या!’ असं यंत्र उत्साहाने सांगत होतं. काचवाल्यांनी ते तीनदा वाचलं. आपणच लावली तर? नावं दिसत नाहीत, फक्त किती बोल्या आणि केवढ्याच्या ते दिसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या चहाला शून्याऐवजी एक वाचलं जाईल, एवढंच तर हवं होतं.

बटण दाबलं तर यंत्राने विचारलं, ‘तुमची कमाल बोली किती?’

आता हा प्रश्न काचवाल्यांच्या ओळखीचा होता. दर वर्षी फडकी आणि काच पुसायचं पाणी मागवायचं असलं की मागणीपत्रक भरावं लागे आणि त्यात ‘कमाल’ असा रकाना असे. तिथे हव्या त्याच्या दुप्पट आकडा लिहायचा हे एकतीस वर्षांचं शहाणपण होतं, कारण हिशेबनीस डोळे मिटून निम्मा करायचा. दोन हजार दिसले तर अब्रू राहील, असा त्यांनी विचार केला, आणि चार हजार लिहिले. यंत्राने दाखवले दोनशे. काचवाल्यांनी कपाळाला हात लावला. निम्मे नाही, विसावा हिस्सा! यापेक्षा आपला हिशेबनीस बरा. पण एक बोली झाली होती. ते शांत झोपले.

शनिवारी संग्रहालय बंद असे; दुपारी ते नाण्यांच्या दालनात दिव्यांची धूळ काढत होते, तर पहारेकरी जिन्यावरून ओरडतच आला. “काचवाले! तुमचं वाढतंय!”

“काय वाढतंय?”

“बोली! साडेपाचशे झाली. आता नऊशे!”

दोघं लिलावातल्या त्या लाकडी स्टुलावर अर्धे अर्धे बसले आणि फोनकडे टक लावून राहिले. तेराशे. मग बराच वेळ काही नाही. मग एकोणीसशे. कुणीतरी दोघं हट्टाला पेटलेत, पहारेकरी म्हणाला, एक वाढवतो की दुसरा लगेच वर जातो. सव्वीसशे झाले तेव्हा त्याने आवाज खाली आणला, देवळात बोलावं तसा. पाचला दहा मिनिटं कमी असताना आकडा तीन हजार नऊशेवर गेला आणि तिथेच थांबला. पाच वाजले. पहारेकऱ्याने काचवाल्यांच्या पाठीत अशी थाप मारली, की दोघंही स्टुलावरून पडता पडता वाचले.

त्या दिवशी काचवाले घरी चालत गेले. त्यांच्यासाठी जगात दोन माणसं भांडली होती. त्यांची बोली दोनशेची होती, ती केव्हाच मागे पडली असणार. म्हणजे ही दोघं खरीच. आई गेल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता, आणि आई असतानाही झाला होता का, ते आठवावं लागलं असतं. रविवारी त्यांनी केस कापून घेतले आणि एक नवं फडकं विकत आणलं, स्वतःच्या पैशाने.

सोमवारी क्युरेटरने त्यांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“काका, बसा. तुम्ही ईमेल बघता का?”

“तुम्हीच उघडून दिलं होतं. त्यानंतर नाही.”

“त्यात तुम्हाला सात पत्रं आलीत. तुम्ही जिंकलात म्हणून.” तिने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. “तुम्ही चार हजारांपर्यंत जायला सांगितलं होतं यंत्राला. ते तुमच्या वतीने बोली वाढवत राहिलं. दुसऱ्या माणसाने आकडा टाकला की तुमचा त्याच्यावर.”

काचवाल्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर कानाच्या पाळ्या गरम झाल्या. भांडणाऱ्या दोघांतला एक तर ते स्वतःच होते.

“आणि दुसरा?” त्यांनी विचारलं.

“आपल्या खिडकीच्या बाई. शनिवारी त्यांचा मला फोन आला होता, कोण मेला एवढा पैसेवाला आहे, सोडतच नाही म्हणून. शेवटी म्हणाल्या, माझी ऐपत संपली.”

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा घालणारे पुष्कळ असतात, पण इतका नेम धरून घालणारा विरळा.

क्युरेटर समजूतदार होती. “नियम असा आहे,” ती हळू आवाजात म्हणाली, “की पहिल्याने माघार घेतली तर दुसऱ्याला मिळतं. मी बाईंना एवढंच कळवीन, की घेणाऱ्याने माघार घेतली. तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. उद्या सकाळपर्यंत सांगा.”

इतका सरळ रस्ता होता. काचवाल्यांनी जायला हवं होतं तेवढंच. जिन्यावरून उतरताना ते मनात बाईंना घेऊन फिरतही होते: तलवार, नाणी, फणी, मग बूट. बाईंना बूट आवडेल. संध्याकाळी त्यांनी आपण होऊन फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. उद्या क्युरेटरचा फोन येईल, तर या नक्की, एवढं सुचवून ठेवावं म्हणून.

पण बाईंनी बोलूच दिलं नाही.

“अहो काचवाले! अभिनंदन! तीन हजार नऊशे! मी बहिणीला दाखवलं. तिला वाटायचं, काचा पुसणाऱ्या माणसाचं काय एवढं घेऊन बसलीस. आता बसली गप्प! कोण आहेत हो ते?”

“कोण?”

“घेणारे. मोठे गृहस्थ असणार कुणीतरी. काय हट्टाने घेतलं! मी टाकला आकडा की लगेच वर. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, पण नंतर म्हटलं, बरं झालं. तुमची किंमत तरी कळली कुणाला.”

“तुम्ही का लावलीत बोली?” काचवाल्यांनी विचारलं.

“लावली आपली. बावीस वर्षं तिकिटं फाडली, पण आत काय आहे ते धड पाहिलंच नाही. माझी सुट्टी तीच संग्रहालयाची सुट्टी. म्हटलं, तुम्ही दाखवाल.” मग त्या घाईने म्हणाल्या, “जाऊ द्या. बघू कधीतरी.”

काचवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “समजा, त्यांनी माघार घेतली तर?”

“माघार? असं कसं घेतील?” बाईंचा आवाज एकदम उतरला. “अहो, तसं झालं तर मला फार वाईट वाटेल. म्हणजे चेष्टाच केली म्हणायची तुमची. नाही नाही, तसं काही मनात आणू नका. छान दाखवा त्यांना.”

फोन ठेवल्यावर काचवाले अंधार पडेपर्यंत खुर्चीत बसून होते. चूक कुठे आहे ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. एका बाजूला बाईंची एक सकाळ होती. दुसऱ्या बाजूला तो मोठा गृहस्थ होता, जो काचवाल्यांसाठी वाटेल तो आकडा मोजत होता आणि ज्याच्यामुळे बाईंची बहीण गप्प बसली होती. एवढ्या वर्षांत कुणाच्या नजरेत त्यांना भाव आला होता तर तो बाईंच्या. ‘घेणाऱ्याने माघार घेतली’ म्हटलं की तो उतरणार. आणि खरं सांगितलं, की तो पैसेवाला मेला मीच, कुणी येईना म्हणून, तर मग उरलं काय? माणूस म्हातारा झाला म्हणून त्याचा तोरा म्हातारा होत नाही.

मंगळवारी त्यांनी पैसे पाकिटात घालून क्युरेटरच्या टेबलावर ठेवले. “मी माघार घेत नाही.”

“काका,” ती म्हणाली, “अहो, बाई येतील ना. आनंदाने येतील.”

“छपराला लागतील पैसे. पावती द्या.”

तिने पावती दिली. देताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सकाळ गुरुवारची ठरली होती. बाजूच्या दाराची किल्ली त्या वेळेला काचवाल्यांकडेच असे, त्यामुळे कोण आलं आणि कोण नाही हे पाहायला दुसरं कुणी नव्हतं. पावणेआठला ते आत आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. तलवारीपाशी उभं राहून त्यांनी हळूच घसा साफ केला आणि म्हणाले, “ही तलवार.” आवाज दालनभर घुमला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नाण्यांपाशी त्यांनी तोंड उघडलं नाही. बुटापाशी मात्र एकदा वाकून पाहिलं, आणि लक्षात आलं की आपल्याला ठाऊक असलेलं सगळं हे उत्तरांसारखं आहे. कुणी विचारल्याशिवाय ते बाहेरच येत नाही. पुढे त्यांनी फडकं काढलं आणि रोजच्यासारखी कामाला सुरुवात केली. खापरांपाशी पोचले तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. रोजच्यापेक्षा लवकर. तिथे बसायचं ठरवलं होतं म्हणून ते थोडा वेळ बसले, आणि तिथे बसून ते रडले. फार नाही. मग उठून ती काच एकदा पुसली आणि पुन्हा एकदा पुसली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. पहिला रविवार नव्हता, तरी आला.

“आले होते का?”

“आले होते.”

“वेळेवर?”

“पावणेआठला. मिनिटभर पुढे नाही की मागे नाही.”

“कसे होते हो? मोठे गृहस्थ?”

“नाही. साधेच. आपल्यासारखे.”

“बायकोला घेऊन आले होते का?”

“एकाच माणसासाठी होतं ते. आणि… एकटेच असावेत. घरी कुणी नसावं.”

“असं? मग काय काय विचारलं त्यांनी?”

“काही नाही.”

“अगं बाई! एवढे पैसे मोजून काहीच नाही विचारलं?”

“बोलायची सवय मोडत असेल,” काचवाले म्हणाले. “एकट्या माणसाची.”

हे ऐकून बाईंचा आवाज हळू झाला. “पण आवडलं का त्यांना?”

“कळलं नाही. शेवटी जरा बसले होते.”

“आणि तुम्ही त्यांना तसंच जाऊ दिलंत? चहाबिहा? पुन्हा या, असं काही?”

“तसं काही म्हटलं नाही.”

“कमाल आहे तुमची काचवाले!” बाई खरोखरच चिडल्या होत्या. “एकट्या माणसाला असं एकदा बोलावून सोडून देतात का? तो काय म्हणणार आहे आपल्या तोंडाने, मला पुन्हा बोलवा म्हणून? माणूस येतो हो. कितीही लांबून येतो. पण या म्हणावं लागतं कुणीतरी.”

“म्हणायला हवं होतं,” काचवाले म्हणाले.

“हो ना.”

त्यानंतर बाई काही बोलल्या नाहीत आणि फोनही ठेवला नाही. त्यांच्याकडे कुठेतरी भांडी लावल्याचा आवाज येत होता. बहीण असणार. काचवाले तो आवाज ऐकत फोन कानाला घट्ट धरून उभे राहिले, ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले.

“बरं,” बाई शेवटी म्हणाल्या, “ठेवते मग.”